हत्यार आणि परवाना

मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानात हलगली नावाचे एक गाव होते. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात मोडते. गावातील प्रमुख वस्ती बेडरांची. शिकार हा त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि बंदूक ही त्यांच्या घरी कोयत्या-कुऱ्हाडीइतकीच नित्याची वस्तू. १८५७ च्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटलेला असताना कंपनी सरकारने एक कायदा केला आणि लोकांनी आपापली हत्यारे सरकारात नोंदवावीत, परवाना नसेल ती जमा करावीत, असा हुकूम फिरला. मुधोळ दरबारामार्फत तो हलगलीस पोहोचला. बेडरांनी हत्यारे देण्याचे साफ नाकारले. दिल्लीच्या बादशहाशी त्यांचे काही नाते नव्हते, काडतुसांना लावलेल्या चरबीशीही नव्हते; आपली बंदूक आपल्यापाशी राहावी एवढेच त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबरच्या अखेरीस कंपनीची फौज गावावर चालून आली. गाव जाळले गेले, अनेकजण जागीच मारले गेले, आणि डिसेंबरात उरलेल्या पुढाऱ्यांना फाशी देण्यात आली. हलगलीच्या या बेडरांवर कन्नडात लावणी रचली गेली व ती पुढे कितीतरी वर्षे त्या मुलखात गाइली जात होती.

हलगलीहून नरगुंद फार दूर नाही. तेथील अधिपती भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेब हे मराठी संस्थानिक. त्यांना पुत्र नव्हता आणि दत्तक घेण्यास कंपनीने परवानगी नाकारली होती. हे शल्य मनात असतानाच किल्ल्यावरील तोफा व दारूगोळा धारवाडास पाठवून देण्याचा आदेश आला. १८५८ च्या मे महिन्याच्या अखेरीस दक्षिण महाराष्ट्राचा पोलिटिकल एजंट मॅन्सन हा लहानशा तुकडीसह सुरेबान येथे मुक्कामास असता बाबासाहेबांच्या माणसांनी रात्री त्यास गाठून ठार मारले व त्याचे शिर नरगुंदच्या वेशीवर टांगले. अवघ्या दोन आठवड्यांत, १२ जून १८५८ रोजी, बाबासाहेबांना बेळगावी फासावर चढविण्यात आले. मॅन्सन हा केवळ वरून आलेल्या हुकुमाचा वाहक होता की त्या हुकुमाच्या कठोरपणाचा वाटेकरी, याविषयी इतिहासकारांत मतभेद संभवतात. परंतु एवढे खरे की, ज्या कायद्याने हिंसा थांबावी अशी अपेक्षा होती, त्याच्या पहिल्याच वर्षी दक्षिण महाराष्ट्रात त्याच्यापायी रक्त सांडले.

शस्त्रे काढून घेण्याची ही कल्पना कंपनीला १८५७ मध्ये प्रथमच सुचली असे मात्र नाही. १८४९ मध्ये पंजाब खालसा केल्यावर डलहौसीच्या अधिकाऱ्यांनी तेथे सुमारे १,२०,००० हत्यारे गोळा केली होती. बंड शमल्यावर अयोध्या प्रांतात हीच मोहीम कितीतरी पटीने मोठ्या प्रमाणावर झाली. पंधराशेहून अधिक गढ्या पाडण्यात आल्या. सातशेवर तोफा, सुमारे १,९०,००० बंदुका आणि पाच लाखांहून अधिक तलवारी सरकारजमा झाल्या. हे आकडे वाचताना प्रथम सरकारच्या उरकाचे नवल वाटते; मग ध्यानात येते की, एवढी हत्यारे घराघरांत असूनही त्या प्रांतातील कुणबी शतकानुशतके आपली शेती करीतच होता. घरात तलवार आहे म्हणून शेजारी शेजाऱ्याचा गळा कापीत होता, असे कोणत्याही बखरीत लिहिलेले नाही. तालुकदारांच्या लढाया होत, सारावसुलीच्या वेळी गढीवरून गोळ्या सुटत, हेही तितकेच खरे. तो समाज सुखी होता असे नव्हे. पण हत्यार व ते बाळगणारा यांच्यामध्ये त्या काळी सरकारचा कागद उभा नव्हता. गावची रूढी, जातीची पंचायत, खंडेनवमीच्या पूजेपुरते म्यानातून बाहेर काढण्याचा रिवाज, ही त्याची बंधने होती. कागद आला तो १८६० च्या कायद्याने, आणि त्या कागदास पक्के रूप मिळाले ते १८७८ मध्ये.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ च्या मार्च महिन्यात लागोपाठ दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली, दुसऱ्याने देशी माणसाचे हत्यार काढून घेतले. पहिला कायदा लॉर्ड रिपनने चार वर्षांतच रद्द केला. दुसरा मात्र टिकला, आणि पुढे ऐंशीहून अधिक वर्षे टिकला. जीभ मोकळी करण्यास राज्यकर्ते तयार झाले, हात मोकळे करण्यास तयार झाले नाहीत. परवान्यावाचून बंदूक बाळगणारास तीन वर्षांपर्यंत आणि ती लपवून ठेवणारास सात वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा या कायद्यात होती.

कायद्याचा शब्द सर्वांना सारखाच होता. भेद होता तो त्याखाली केलेल्या नियमांत. युरोपीय, अमेरिकन, आर्मेनियन, युरेशियन अशा सर्वांना या कायद्याच्या प्रमुख तरतुदींतून सूट होती. मुंबईच्या गोदीत कालच उतरलेला गोरा खलाशी खांद्याला बंदूक अडकवून हवा तेथे फिरू शके. आणि तीस वर्षे सरकारची इमानाने चाकरी केलेल्या एतद्देशीय मामलेदाराला रानडुकरांपासून आपला ऊस राखण्यासाठी कलेक्टरकडे अर्ज करावा लागे. काही राजेरजवाडे, कायदेमंडळाचे सभासद, पदवीधारी सरदार यांनाही सूट होती. पण तिच्यामुळे अपमानाची धार बोथट होण्याऐवजी अधिकच तीव्र झाली. शस्त्र हे आता संरक्षणाचे साधन उरले नाही. तो दर्जाचा बिल्ला झाला. कोणाच्या हाती ते शोभते आणि कोणाच्या हाती धोक्याचे, हे हाताच्या रंगावरून ठरू लागले.

राष्ट्रसभेच्या तिसऱ्या, म्हणजे १८८७ च्या मद्रास येथील अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव आला आणि पुढे तो वर्षानुवर्षे येत राहिला. आजच्या वाचकाला त्या ठरावांमागील युक्तिवाद काहीसे विचित्र वाटतील. सशस्त्र क्रांतीची भाषा त्यांत नाही. आम्ही राजनिष्ठ आहोत, आमच्यावर विश्वास ठेवा. लांडगे, वाघ, रानडुकरे दरवर्षी हजारो माणसे आणि पिके यांचा नाश करतात, त्यांच्यापासून आम्हांला आमचे रक्षण करू द्या. आणि एका संपूर्ण राष्ट्राला हत्यार धरण्याची सवयच राहू नये इतके त्याला निःसत्त्व करू नका, असा त्यांचा सूर आहे. या शेवटच्या मुद्द्याला मराठी मनात विशेष प्रतिसाद होता. ज्या घराण्यांच्या कैफियती दाभाडे, घोरपडे, पटवर्धन यांच्या मोहिमांनी भरलेल्या, त्यांच्या वंशजांना दसऱ्याच्या दिवशी पाटावर मांडायला एखादे गंजलेले पातेच काय ते उरले होते. पुष्कळ घरी तेही नव्हते. तेथे पाटावर लेखणी, दऊत आणि पोथी यांचीच पूजा होऊ लागली. कारकुनी पिढी जन्माला येत होती, तिला ते साजेसेच होते, असे कुणी उपहासाने म्हणेल. परंतु त्या लेखणीनेच पुढे सरकारला अधिक जेरीस आणले, हेही तो विसरणार नाही.

या कायद्याने राजकीय हत्या थांबल्या काय? पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा हा कायदा एकोणीस वर्षांचा झाला होता. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सन याच्या सन्मानार्थ ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरे याने त्यास गोळ्या घातल्या, तेव्हा कायद्याला एकतीस वर्षे झाली होती. त्या पिस्तुलाचा प्रवास न्यायालयाच्या दप्तरात सविस्तर नमूद आहे. वीस ब्राउनिंग पिस्तुले लंडनहून एका पेटीच्या दुहेरी तळात दडवून मुंबईस आणली गेली होती. गोदीवरील जकात अधिकाऱ्यांना पेटीतील सामान दिसले; पेटीचा तळ दिसला नाही. कलकत्त्यातील प्रकार याहून बोलका आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा नावाच्या बंदूकविक्रेत्या कंपनीचा माल जकात कचेरीतून सोडवून आणताना त्यातली ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे वाटेतच नाहीशी झाली. माल कायदेशीर, आयात कायदेशीर, पावत्या जागच्या जागी. फक्त माल सोडवून आणणारा कारकून क्रांतिकारकांचा होता. कागदाच्या साखळीत जेथे मनुष्य येतो तेथे ती तुटू शकते, हा अनुभव पुढील शतकात या देशाला अनेक वेळा यावयाचा होता.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९-२० च्या सुमारास, नियमांतील वर्णभेद दूर करण्यात आला. तोपर्यंत हा प्रश्न अशा एका पुरुषाने हाती घेतला होता की, ज्याच्याकडून त्याची अपेक्षा कुणी केली नसती. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनी काढलेल्या पत्रकात, संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश अमलातील सर्वांत काळे कृत्य म्हणून इतिहासात नोंदला जाईल, अशा अर्थाचे विधान आहे. अहिंसेच्या उपासकाने असे म्हणावे यात पुष्कळांना विसंगती दिसते. त्यांच्या दृष्टीने ती नव्हती. ज्याच्या हाती शस्त्र नाही त्याच्या अहिंसेला किंमत ती काय? शस्त्र धरण्याचे सामर्थ्य असून जो ते खाली ठेवतो त्याचाच संयम, असे त्यांचे म्हणणे होते. सक्तीने हिरावून घेतलेले शस्त्र माणसाला संयमी करीत नाही, भित्रे करते.

बारा वर्षांनी गांधीजी याच विषयाकडे पुन्हा वळले, आणि या वेळी त्यांची भाषा कायदेपंडिताला शोभेल इतकी नेमकी होती. मिठाच्या सत्याग्रहापूर्वी त्यांनी ‘यंग इंडिया’त व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या मांडल्या. दारूबंदी, हुंडणावळीचा दर, शेतसाऱ्यात कपात, मिठावरील कराची समाप्ती अशा त्या मागण्यांतील अकरावी मागणी बंदुकीची होती. स्वसंरक्षणासाठी बंदुकांचे परवाने द्यावेत, मात्र त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, असे तिचे स्वरूप. मागणी शस्त्रांच्या मोकळिकीची नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. परवाना त्यांना मान्य आहे. परवाना देणारा कोणाला जबाबदार असावा, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. ‘यंग इंडिया’च्या त्या अंकावरील तारीख ३० जानेवारी १९३० अशी आहे.

पुढील वर्षी कराचीच्या अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला त्यात, नियम व बंधने यांना अधीन राहून प्रत्येक नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क असेल, असे कलम घालण्यात आले. स्वराज्य आले की हा हक्क मिळणार, अशी राष्ट्राला ही एक प्रकारे दिलेली लेखी हमीच होती.

स्वराज्य आले. आणि अकराव्या मागणीला बरोबर अठरा वर्षे झाली त्या दिवशी, ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीच्या बिर्ला भवनात सायंप्रार्थनेस निघालेल्या गांधीजींवर इटालियन बनावटीच्या बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या झाडण्यात आल्या. त्या पिस्तुलाला परवाना नव्हता. ते ग्वाल्हेरीत मिळविण्यात आले होते. ग्वाल्हेर त्या वेळी संस्थान होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांच्या हद्दीत आपोआप लागू होत नसत. एका देशात दोन कायदे असले की हत्यार दोहोंतील अधिक सैल कायद्याच्या मुलखात जाऊन वसते. हे पाण्याने उताराकडे धावावे इतके स्वाभाविक आहे. या खटल्यातील माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे हा पुण्यात ‘शस्त्रभांडार’ नावाचे दुकान चालवीत असे. सुऱ्या-कट्यारींच्या उघड व्यापाराआडून इतर मालाची छुपी देवघेव तेथे होत असे, हे खटल्याच्या वेळी पुढे आले.

परंतु केवळ पिस्तुलाचा माग काढून जबाबदारीचा शोध संपत नाही. दहा दिवस आधी, २० जानेवारीस, त्याच प्रार्थनास्थानी स्फोट झाला होता आणि मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला होता. त्याच्या जबाबातून पुण्याच्या एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा सुगावा लागत होता. दिल्लीहून दोन अधिकारी मुंबईस गेले व परत आले. पुण्यातील संशयितांना चेहऱ्याने ओळखणारे पोलीस दिल्लीत आणून प्रार्थनेच्या वेळी उभे करावेत, हे कुणाकडूनही घडले नाही. १९६४ मध्ये पुण्यात झालेल्या एका समारंभात ग. वि. केतकर यांनी, या कटाची आपणांस आधी कल्पना होती, असे सांगितले तेव्हा देशभर गहजब झाला आणि पुढे १९६६ मध्ये न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली. त्यांचा १९६९ चा अहवाल हा भारतीय प्रशासनाच्या इतिहासातील एक अत्यंत क्लेशदायक दस्तऐवज आहे. त्यात कोणी खलपुरुष नाही. कोणाला काही ठाऊक होते, त्याने ते कोणाला तरी कळविले, कळलेल्याने ते पुढे पाठविले किंवा पाठविले नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने काही केले आणि तरीही जे करावयास हवे होते ते झाले नाही. स्वतः गांधीजींनी प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घेऊ देण्यास नकार दिला होता, हीही त्या दहा दिवसांतील एक नोंद आहे. त्या नकाराबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. पण झडती घेऊन माणसांना प्रार्थनेस बसविणारा गांधी, गांधी राहिला असता काय?

याच वर्षाच्या डिसेंबराच्या आरंभी घटना समितीत हा प्रश्न आला. हरि विष्णु कामथ हे मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले सभासद. आय. सी. एस.ची सनदी नोकरी सोडून ते सुभाषबाबूंच्या मागे गेले होते. त्यांनी कराचीच्या ठरावाची आठवण देऊन, नियमांच्या अधीन शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला दिलेले उत्तर लहान असले तरी विचारांत घेण्यासारखे आहे. काँग्रेसने ही मागणी केली होती हा इतिहास कुणी नाकारीत नाही, असे त्यांनी प्रथमच मान्य केले. पण परक्या सरकारने शस्त्रे हिरावली ती शांततेसाठी नव्हे, जित प्रजेने उठाव करू नये म्हणून. ती परिस्थिती आता उरलेली नाही. प्रत्येकजण बाजारात जाऊन हवे ते मारक हत्यार विकत घेऊ लागला तर राज्याचा कारभार चालेल कसा? कामथांनी मध्येच, नियमांचे बंधन तर आहेच, असे सुचविले. त्यावर आंबेडकरांनी कायदेपंडिताचे बोट नेमके दुखऱ्या जागी ठेवले: नियमन म्हणजे अटी घालणे, अटींनी हक्क समूळ नष्ट करता येत नाही, तेव्हा एकदा हक्क दिला की दरोडेखोरालाही तो मागता येईल.

उपसूचना फेटाळली गेली. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात शस्त्राचा उल्लेख आला तो उलट अंगाने, एकोणिसाव्या अनुच्छेदात: नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राहील. साठ वर्षांची मागणी अशा रीतीने दोन शब्दांत निकालात निघाली. या चर्चेत जानेवारीतील घटनेची छाया किती होती हे मोजण्याचे साधन नाही. त्या सभागृहातील प्रत्येकाने ती अंत्ययात्रा पाहिली होती किंवा रेडिओवरून ऐकली होती, आणि फाळणीचे रक्त अजून वाळले नव्हते, एवढे सांगितले तरी पुरे.

कामथांचा पराभव झाला तरी त्यांच्या म्हणण्यातील काही अंश १९५९ च्या शस्त्र अधिनियमात उतरला. हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. शेतीची व घरची साधी अवजारे, काठी, सामान्य सुरी यांना त्याने परवान्याच्या जाचातून सोडविले. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याला परवाना देण्याकडे त्याचा कल ठेवला. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावीत, नाकारलेल्यास अपिलाचा मार्ग असावा, अशा तरतुदी आल्या. चौदाव्या कलमातील एक पोटकलम तर विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून त्याला परवाना नाकारता येणार नाही. १८७८ च्या नियमांतील राजेरजवाड्यांची यादी आणि हे पोटकलम शेजारी शेजारी ठेवले म्हणजे मधल्या काळात देश कोठून कोठे आला ते कळते. बंदूक ही हक्काची वस्तू नव्हे, पण दर्जाचीही नव्हे. ती गरजेची वस्तू; आणि गरज आहे की नाही हे ठरविणारा जिल्हाधिकारी व त्याला अहवाल देणारा पोलीस ठाण्याचा अंमलदार यांच्यावर तिची जबाबदारी.

ही जबाबदारी कागदावर किती लहान दिसते आणि प्रसंगी किती मोठी ठरते, याचे एक उदाहरण परदेशातील आहे. स्कॉटलंडमधील डनब्लेन या गावी १३ मार्च १९९६ रोजी एका इसमाने शाळेच्या व्यायामशाळेत शिरून सोळा बालकांची व त्यांच्या शिक्षिकेची हत्या केली. त्याची सर्व पिस्तुले परवान्याची होती. चौकशीत असे निष्पन्न झाले की, साडेचार वर्षांपूर्वीच, १९९१ मध्ये, एका पोलीस अधिकाऱ्याने या इसमाचे परवाने रद्द करावेत असा लेखी अभिप्राय दिला होता. वरिष्ठांनी, कारवाईस पुरेसा आधार नाही, असे ठरवून तो कागद बाजूस ठेवला. त्या निर्णयात नियमबाह्य असे फारसे काही नव्हते, हीच त्यातील भयंकर गोष्ट. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनने खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. डनब्लेननंतर दीड महिन्याने ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली आणि त्या देशाने काही आठवड्यांत कायदा कडक करून सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. या दोन्ही देशांत शोकातून कायदा जन्मला. भारतात कायदा आधीच होता, आणि कडक होता. येथला शोक निराळ्या वाटेने आला.

१९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी या ठिकाणी, रात्रीच्या वेळी होड्यांतून माल उतरला. त्यात एके-५६ बंदुका होत्या, हातबॉम्ब होते आणि आर. डी. एक्स. होते. १२ मार्च रोजी मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले त्यांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. शस्त्र अधिनियमात कोणती तरतूद कमी पडली म्हणून हे घडले? कोणतीही नाही. अशी हत्यारे सामान्य नागरिकाला बाळगण्यास कायद्याने पूर्वीपासूनच मनाई होती. किनाऱ्यापासून मुंबईपर्यंतच्या रस्त्यावर जकात खाते होते, पोलीस होते, नाके होते. त्यांतील काहीजणांनी पैसे घेऊन माल जाऊ दिला, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले आणि त्या खात्यांतील माणसांनाही इतर आरोपींबरोबर शिक्षा झाल्या. चांदी-सोन्याची चोरटी आयात चालू देण्याची सवय होतीच. या खेपेस पोत्यांत काय आहे हे पाहण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत, की पाहूनही न पाहिल्यासारखे केले, हा प्रश्न त्या किनाऱ्यावरील माणूस आजही विचारतो. १९०९ च्या पेटीचा दुहेरी तळ दिसला नव्हता. १९९३ मध्ये पेटी उघडलीच गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी दिलेल्या निकालात या खात्यांच्या वर्तनावर कडक ताशेरे ओढले. तोपर्यंत वीस वर्षे लोटली होती.

अगदी अलीकडची, २०१९ ची दुरुस्ती घडली ती मात्र बंडखोरांना किंवा तस्करांना उद्देशून नव्हे. पूर्वी एका व्यक्तीस तीनपर्यंत बंदुका ठेवता येत; ती मर्यादा दोनवर आली. लग्नाच्या वरातीत वा मिरवणुकीत हर्षभराने हवेत गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगण्यात आली. उत्तरेकडील लग्नांत अशा गोळ्यांनी वऱ्हाडी, वाजंत्री, क्वचित नवरदेवही दगावले आहेत. येथे बंदूक परवान्याची असते. कागद चोख असतो. पोलिसांचा अहवाल अनुकूल असतो. मारणाऱ्याच्या मनात वैर नसते, आणि मरणाऱ्याचे नाव पुष्कळदा त्याला ठाऊकही नसते. शस्त्र म्हणजे दर्जाचा बिल्ला ही १८७८ मध्ये रुजलेली समजूत कायद्याच्या पुस्तकातून १९५९ मध्येच गेली. मांडवाच्या दारातून ती अजून गेलेली नाही.

सबंध देशात ही परवान्याची पद्धत चालू असता एका लहानशा मुलखाला तिच्यातून मोकळीक आहे. कोडगूच्या लोकांना कंपनीच्या काळातील त्यांच्या इमानाखातर कमिशनर मार्क कब्बन याने १८६१ मध्ये निःशस्त्रीकरणाच्या कायद्यातून सूट दिली. तशाच कायद्यापायी तीन-चार वर्षांपूर्वी हलगली जळाली होती. राज्ये बदलली तरी ती सूट राहिली. कोडवा आणि जम्मा जमीनधारक यांना काही प्रकारच्या बंदुका परवान्यावाचून बाळगता येतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ही सूट आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत वाढविली. एका जमातीला अशी सवलत असणे समतेशी विसंगत आहे, अशा तक्रारीवर कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निकाल दिला आणि सूट ग्राह्य धरली.

कोडगूत मुलगा जन्मला की बंदुकीचा एक बार काढतात, आणि घरात कुणी गेले की दोन. दरीपलीकडच्या शेजाऱ्याला त्यावरून काय ते समजते. भाद्रपदाच्या सुमारास कैलपोढ नावाचा त्यांचा सण येतो. त्या दिवसांत शेतीची कामे संपवून बंदुका स्वच्छ करतात, देवघरापाशी मांडतात व त्यांच्या नळीत एक लाल-पिवळे रानफूल खोवतात. त्यांच्या भाषेत त्याला ‘तोक पू’, म्हणजे बंदुकीचे फूल म्हणतात. मराठी मुलखातही पावसाळ्याच्या अखेरीस ते कुंपणाकुंपणांवर फुललेले दिसते. आपल्याकडे त्याचे नाव कळलावी.